टिमकीतला सेनापती

सांगलीत परत आल्यापासून जो तो विचारतो, "नागपूर कसं आहे हो?" मी सांगतो, रस्ते रुंद आहेत, झाडं पुष्कळ, संत्री ढिगानं मिळतात, माणसं मोठ्यानं बोलतात आणि त्याहून मोठ्यानं आग्रह करतात. विचारणाऱ्याचं तेवढ्यानं समाधान होतं. माझं होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आज मी मुलाच्या कापडदुकानात गादीवर बसतो आणि गिऱ्हाइकांना लुगड्यांचे काठ उलगडून दाखवतो. पण पंचविशीपासून चाळिशी उलटेपर्यंत मी राणी होतो. 'राज्यलोप' नावाचं एक शोकान्त संगीत नाटक आमची कंपनी करीत असे, त्यातली राणी हेमांगी. आता ते नाटक पाहिलेली माणसंही थोडीच उरली, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगतो. लहानशा राज्याची राणी आणि तिचा सेनापती रुद्रदेव यांचं एकमेकांवर प्रेम असतं. बलाढ्य बादशहा तहाची अट घालतो, सेनापतीला आमच्या हवाली करा. राणी त्याचा जीव वाचावा म्हणून खोटा राग धरून त्याला हद्दपार करते. सेनापती नसलेला किल्ला पडतो. शेवटच्या अंकात रुद्रदेव फकिराच्या वेषात दरबारात पकडून आणला जातो. बादशहाचा वकील राणीला विचारतो, या माणसाला ओळखता? राणी म्हणते, "नाही. याला मी कधी पाहिलेलं नाही." ते ऐकून रुद्रदेव स्वतःच आपलं नाव सांगतो. पुढे जे होतं ते मी सांगत नाही, पण त्या वेळी थेटरात बायका हुंदके द्यायच्या आणि पुरुष नाकं शिंकरायचे.

माझा सेनापती शंकर. जातीनं कोष्टी, नागपूरच्या विणकरांतला. कंपनीचा नागपुरात मुक्काम असताना तो खेळ पाहायला आला आणि दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडी येऊन म्हणाला, "मले घ्या." आवाज असा की मालकांनी त्याला तिथंच ठेवून घेतलं. त्याची भाषा सुधारायला वर्ष लागलं. मग रंगमंचावर तो 'मला' म्हणू लागला आणि विंगेत आला की 'मले'. दहाएक वर्षं आम्ही समोरासमोर उभे राहिलो. आणि एके दिवशी, अमरावतीच्या मुक्कामात, तो न सांगता निघून गेला. सकाळी त्याची पेटी जागेवर नव्हती. पुढे आणखी सेनापती आले, मग बोलपट आले, कंपनी बुडाली. शंकर का गेला हे मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या दसऱ्यानंतर नागपूरहून एक पत्र आलं. तिथल्या सरकारी कचेरीतले हौशी लोक 'राज्यलोप' बसवत होते आणि राणीच्या पदांच्या चाली कुणालाच येईनात. मी येऊन शिकवाव्यात अशी विनंती होती. शेवटी एक ओळ: "आपले सेनापती इथेच टिमकी मोहल्ल्यात राहतात, पण नाटकाचं नाव काढू देत नाहीत." मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

रामदासपेठ

याआधी मी नागपुरात एकदाच आलो होतो, आणि नाटकवाल्यानं पाहिलेलं गाव म्हणजे स्टेशन, थेटर आणि बिऱ्हाड. या वेळी टांग्यातून जाताना पहिल्यांदा शहर पाहिलं. सीताबर्डीच्या किल्ल्याखालून रस्ता वळतो, तिथं संत्र्यांचे ढीग लावून बायका बसल्या होत्या. न्यायला आलेले दिगंबरराव, म्हणजे पत्र लिहिणारे, सचिवालयातले हेडक्लार्क. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या कारकिर्दीत पुण्याकडून इकडे आले. मराठी आमच्यासारखी, पण मध्येच नागपूर डोकावतं.

"प्रवासात तकलीफ तर नाही न झाली?" त्यांनी विचारलं. "घरी पसारा आहे हं, माफ करा. सामान बांधून राहिलो आम्ही."

"कुठं निघालात?"

"भोपाळ!" ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "येत्या महिन्यात आमची राजधानी जाते न. नागपूर आता मुंबईकडे. अर्ध्या कचेरीला बदलीच्या ऑर्डरी आल्या. आमची मंडळी पांगण्याआधी एक शेवटचं नाटक करू म्हटलं, तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, राज्यलोप."

रामदासपेठेतल्या त्यांच्या घरी खरोखरच दारापासून ट्रंका लागल्या होत्या. त्यांच्या पत्नी एकेक पातेलं गोणपाटात गुंडाळत होत्या आणि मधूनच एखादं बाहेर काढून त्यात स्वयंपाक करत होत्या. त्यांनी विचारलं, "सांबारवडी चालेल न?" मला वाटलं, मद्राशी सांबाराची काहीतरी वडी असेल. ताटात आली ती कोथिंबिरीच्या सारणाची खमंग गुंडाळी. या लोकांत कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. मी चार खाल्ल्या. पाचवी वाढताना त्या म्हणाल्या, "घ्या हो. आता या तव्यावरचं शेवटचंच समजा." त्यानंतर नको म्हणण्याची सोय राहिली नाही.

टिमकी

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलरिक्षानं टिमकीला गेलो. गल्लीच्या तोंडाशीच मागांची खटखट ऐकू येऊ लागली, घराघरातून, एकमेकींशी न जुळणारी. गल्लीभर सूत ताणून दोन माणसं त्याला खळ लावत होती. मी वाकून पलीकडे जायला गेलो आणि माझ्या छत्रीची काडी सुतात अडकली.

"ओ बुढेबुवा! सूत तोडता काय जी?" ओसरीवरून एक बाई ओरडली आणि धावत आली. पन्नाशीची, उंच, कपाळावर मोठं कुंकू. तिनं माझ्या हातून छत्री काढून घेतली, एकही धागा न तोडता काडी सोडवली, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबली.

"तुमी सांगलीचे काय?"

"हो. तुम्ही कसं ओळखलंत?"

तिनं आत तोंड करून हाक मारली, "अजी, पाव्हने आले तुमचे," आणि मला म्हणाली, "मी गिरजा. त्याइची घरवाली. या जी, आत या."

आतल्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून मागावर शंकर बसला होता. केस पार पांढरे. खांदे मात्र तेच. त्यानं धोटा हातातच धरून ठेवला आणि वर पाहिलं.

"आलास गा?" तो म्हणाला. मी बाजारातून भाजी घेऊन आलो असावा, तसं.

मी पंचवीस वर्षं या भेटीची वाक्यं मनात जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. मी म्हणालो, "आलो."

तो खड्ड्यातून वर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि काय करावं ते न कळून त्यानं माझ्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून पाहिला. "गिरणीचं आहे," तो म्हणाला.

गिरजाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी आणि मटणाचा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. कोल्हापूरच्या तिखटाचा मला अभिमान होता. पहिल्या घासाला तो गेला आणि दुसऱ्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शंकर हसला. ते हसणं जुनं होतं. मला खूप बरं वाटलं, आणि त्या पाण्यात दुसरंही काही मिसळलं असलं तर कुणाला कळलं नाही.

हात धुताना मी म्हणालो, "रविवारी दुपारी खेळ आहे. तू ये."

"मी नाटक पाहात नाही."

"काहून?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"सूत भराचं आहे." तो पुन्हा मागावर जाऊन बसला.

गिरजाबाई ताटं उचलत होत्या. न वळता म्हणाल्या, "जाऊ न आपण. मले पाहाचं आहे."

मागाची खटखट सुरू झाली नाही. बराच वेळ शंकर त्यांच्या पाठीकडे पाहत होता. मग म्हणाला, "बरं."

तालीम

तालीम कचेरीच्या आवारातल्या एका रिकाम्या हॉलमध्ये होती. कागदपत्रांची कपाटं भोपाळला गेलेली, भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन उरलेले. दिगंबरराव फितूर प्रधानाचं काम करत होते. राणी होती सुमन, कचेरीतच टायपिस्ट, बावीस-तेवीस वर्षांची. रुद्रदेव झालेला मुलगा तिच्याच खात्यातला. त्याची बदली झाली होती, सुमनची नव्हती. याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

सुमननं चाली दोन दिवसांत उचलल्या. गळा गोड, थोडा कच्चा. मी तिला राणीचं चालणं दाखवलं, तेव्हा सगळे आधी हसले आणि मग गप्प झाले. माझ्या अंगात ते अजून होतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

भांडण शेवटच्या अंकावरून झालं. मी तिला सांगितलं, "वकील विचारतो त्या वेळी मान वळव. नजर लांब, प्रेक्षकांच्या डोक्यावरून. मग म्हण, याला मी कधी पाहिलेलं नाही."

"ती त्याच्याकडे पाहत का नाही, आजोबा?"

"पाहिलं तर तिच्या तोंडून शब्द फुटायचे नाहीत."

"पण तो वकील काय वेडा आहे काय?" सुमन म्हणाली. "समोरचा फकीर अनोळखी असेल तर बाई त्याच्याकडे सरळ पाहील न. मान वळवली की तिथंच पकडली गेली. त्याला वाचवायचं असेल तर तिला त्याच्या डोळ्यांत पाहूनच खोटं बोलावं लागेल."

मी तिला सांगितलं की पंधरा वर्षं मी हे असंच केलं आणि थेटरं रडली. ती अदबीनं "हो जी" म्हणाली. पण तिला पटलं नव्हतं. खरं सांगतो, रात्रभर मला झोप लागली नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं हे मला पहिल्याच क्षणी कळलं होतं. पण मी मान का वळवत होतो याचं कारण नाटकात नव्हतंच. शंकर समोर गुडघ्यांवर बसायचा, फकिराच्या कफनीत, दिव्यांच्या उजेडात घामानं भिजलेला, आणि माझ्याकडे पाहायचा. ती नजर नाटकातली आहे की त्याची, हे मला कधी ठरवता आलं नाही. ठरवण्याची भीती वाटायची. मान वळवली की तेवढं टळायचं.

सकाळी मी सुमनला म्हणालो, "तुला वाटतं तसं कर."

रविवारचा खेळ

खेळ दुपारचा ठेवला होता, कारण संध्याकाळच्या गाडीनं मंडळीतले काही लोक निघणार होते. थेटर खच्चून भरलं. कारकून, त्यांच्या बायका, मुलं, शिपाई, सगळे. एरवी नाटकाला येतात तसे ते आले नव्हते. स्टेशनवर पोचवायला येतात, तसे आले होते. पहिल्या अंकात दरबारी म्हणतो, "आपलं राज्य कोण हिरावून नेणार?" तिथं आमच्या वेळी टाळ्या पडत. इथं मागून कुणीतरी म्हणालं, "भोपाळवाले!" आणि सारं थेटर हसलं. हसू ओसरल्यावर अशी शांतता पसरली की दिगंबररावांना पुढचं वाक्य सुचेना.

शंकर माझ्या उजव्या हाताला बसला होता, त्याच्या पलीकडे गिरजाबाई. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या, त्याच्याच मागावरचं, काळ्या चंद्रकळेला लाल रेशमी काठ. दोन अंक होईपर्यंत शंकर हात मांडीवर ठेवून परक्या लग्नाला आल्यासारखा बसला. तिसऱ्या अंकात रुद्रदेवाचं हद्दपारीचं भाषण सुरू झालं आणि मला शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. त्याला प्रत्येक शब्द येत होता. 'मला' जिथं होतं तिथं तो 'मला'च म्हणत होता.

शेवटचा अंक. फकिराला ओढत आणलं. वकिलानं विचारलं, "राणीसाहेब, या माणसाला ओळखता?"

सुमन सिंहासनावरून उठली. पायऱ्या उतरून त्या मुलाच्या अगदी पुढ्यात आली, हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग शांतपणे, एक एक शब्द वेगळा ठेवत ती म्हणाली, "नाही. याला मी कधी पाहिलेलं नाही."

तो मुलगा आपलं नाव सांगायचं विसरला. नुसता बघत राहिला. विंगेतून दोनदा वाक्य दिलं, तेव्हा कुठं बोलला.

मला वाटलं, हे असं होतं तर. एवढं सोपं होतं. पाहायचं आणि म्हणायचं. मी शंकरकडे पाहिलं. त्याचं तोंड रंगमंचाकडे नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता. या वेळी मी मान वळवली नाही.

पडदा पडला तेव्हा तो म्हणाला, "चांगलं करते पोट्टी." आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला.

पुन्हा टिमकी

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तर शंकर घरी नव्हता. सूत आणायला गेला होता. गिरजाबाईंनी चहा ठेवला, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले ठाऊक आहे का, ते कंपनी सोडून काहून आले?"

"नाही."

"म्या आनलं." त्यांनी पदर नीट केला. "लगन होऊन सात-आठ वर्सं झालती. सालातून चार दिवस घरी येत. मले कधी नाटक दाखवलं नाही. मंग तुमची कंपनी अमरावतीले आली. तिथं माही मावशी राहे. म्या तिच्यासंग गेली, त्याइले न सांगता. मले वाटलं, राणी म्हंजे कोनी बाईच आहे. लय जळली मी. खेळ संपल्यावर मावशीनं आत नेलं, तर तुमी बनियनवर बसून चा पिऊन राहिले होते." त्या हसल्या. "मले असं हलकं वाटलं म्हनून सांगू! बाई नाही, मानूस आहे."

"मग?"

"मंग रातभर विचार केला. हलकं वाटलं ते राह्यलंच नाही. सकाळी त्याइले म्हनलं, तुमी माह्याकडे असं कधी पाह्यलं नाही जी." चहा उतू आला, तो त्यांनी उतरवला. "येवढंच म्हनलं. भांडली नाही, रडली नाही. त्याइनं पेटी उचलली अन् माह्यासंग गाडीत बसले."

मला अमरावतीतली ती सकाळ आठवली, त्याच्या पेटीची रिकामी जागा.

"चांगला मानूस आहे," त्या म्हणाल्या. "दारू नाही, शिवी नाही. दोन पोट्टे शिकवले, एक मिलमंधी आहे, एक मास्तर झाला. म्या आजारी पडली तं हातानं भरवलं. मले काई कमी नाही केलं, भाऊजी. पन काल थेटरात त्याइचं तोंड पाह्यलं. पंचवीस वर्सांत घरात कधी दिसलं नाही ते." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "म्या तुमचं काय नेलं, ते मले काल समजलं."

"तुम्ही काही नेलं नाहीत वहिनी," मी म्हणालो. "ते माझं नव्हतंच."

"नसंल," त्या म्हणाल्या. "पन तुमी उद्या जाऊ नका. दोघं रामटेकले जाऊन या. देवदर्शन होते. माहे गुडघे चढाले नाही म्हनतात."

रामटेक

रामटेकला छोटी गाडी जाते. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, काही कापलेली, काही पिकून वाकलेली. आमच्याकडे कृष्णाकाठी ऊस आणि शाळू. धानाच्या कापणीचा तो गवताळ, गोडसर वास माझ्या ओळखीचा नव्हता. शंकर डब्यात सांगत राहिला, हे गाव कुठलं, इथं लुगड्यांचा बाजार कुठल्या वारी भरतो, इथले पानमळे कसे. वाटेत त्यानं संत्री घेतली आणि सोलून एकेक फोड मला देत गेला, स्वतः एकही न खाता.

गड चढताना मी दमलो. वानरांनी उरलेली संत्री पळवली. शंकरनं त्यातल्या एका थोराड हुप्प्याला सेनापतीच्या आवाजात दरडावलं, "दूर हो, नराधमा!" ते वानर खरोखरच दोन पायऱ्या मागं सरकलं. वर चढणाऱ्या बायका हसत सुटल्या. आम्हीही इतके हसलो की पायरीवर बसावं लागलं.

दर्शन घेऊन तटाच्या भिंतीपाशी आलो. खाली तळं, तळ्याभोवती देवळं, आणि त्यापलीकडे पिवळी शेतं आभाळाला टेकेपर्यंत. वारा चांगला होता.

"गिरजानं सांगतलं तुले," तो म्हणाला.

"हो."

"मले समजलंच. सकाळी भाकरी बांधताना माह्याकडे पाहून नव्हती राहिली." मग म्हणाला, "मी तिच्यासाठी आलो गा. कोनी जबरी नाही केली. थे खरं आहे. अन् तुले सोडून आलो, थेही खरं आहे."

"सांगून जायचं होतंस."

"सांगतलं असतं तं गेलो नसतो."

खाली शेतात कापणी करणाऱ्या बायका एका रांगेत वाकल्या होत्या. आवाज ऐकू येत नव्हता, नुसते रंग सरकत होते.

"मी मान वळवायचो," मी म्हणालो. "तुला वाईट वाटायचं का?"

"रोज." तो हसला. "रोज वाटे, आज तू पाहशीन. मंग नाव सांगाची वेळ ये. वाटे, आता तरी पाहशीन." मग हसू गेलं. "पन नाही पाह्यलं थे बरं केलं. पाह्यलं असतं तं मी कोनाच्याच कामाचा राह्यलो नसतो. ना तिच्या, ना तुह्या."

मी त्याला म्हणालो, एकदा सांगलीला ये. कृष्णेचा घाट दाखवतो, दुकान दाखवतो, नातवंडं दाखवतो.

तो 'येईन' म्हणाला असता तर मी वाट पाहत बसलो असतो. त्यानं तसं केलं नाही. म्हणाला, "नाही येनार गा. आलो तं वापस जानं होनार नाही. अन् इकडे गिरजा माही वाट पाहीन."

आम्ही ऊन कलेपर्यंत तिथंच बसलो. बोललो ते किरकोळच. त्याच्या गुडघ्याचं दुखणं, माझी अधू झालेली नजर, कंपनीतला कोण कुठं वारला. एकदा त्यानं राणीच्या पदाची ओळ गुणगुणली, चुकीच्या सुरात. मी दुरुस्त केली नाही.

स्टेशन

निघायच्या दिवशी दिगंबररावांकडे निरोप घेतला. घर पूर्ण रिकामं झालं होतं, अंगणात बैलगाडी उभी होती. त्यांच्या पत्नीनं दाराला कुलूप लावलं, किल्ली हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा उघडून आत जाऊन आल्या. काही राहिलं का, असं मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या.

शंकर आणि गिरजाबाई स्टेशनवर आले होते. गिरजाबाईंनी भाकरी, लसणीची चटणी आणि तळलेल्या मिरच्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. "पानी पीत पीत खा जी," त्यांनी बजावलं. मग माझ्या तांब्याकडे पाहिलं. तो भरलेलाच होता. त्यांनी तो उचलला, खिडकीबाहेर रिकामा केला आणि म्हणाल्या, "हे शिळं आहे. मी ताजं आनते."

फलाटाच्या टोकाला नळ होता. तिथं कुणीच नव्हतं.

शंकरनं खिडकीच्या गजांतून हात आत घातला आणि माझा हात धरला. त्याच्या तळव्याला धोट्यानं पाडलेले घट्टे होते. पूर्वी हा हात मऊ होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय बोललो असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. गार्डानं शिट्टी दिली, तरी गिरजाबाई आल्या नाहीत.

गाडी हलली. शंकर चार पावलं बरोबर चालला, मग हात सुटला. मी खिडकीतून वाकून पाहिलं. फलाटाच्या टोकाला गिरजाबाई आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तांब्या भरला होता. त्यांनी तो ओतला आणि पुन्हा नळाखाली धरला.